कर्नाळ्याच्या पायथ्याशी : दोन देशांची शस्त्रविद्या

मुंबईहून पनवेल ओलांडून गोव्याच्या सडकेने दक्षिणेस निघाले म्हणजे थोड्याच वेळात झाडीच्या वर उगारलेल्या अंगठ्यासारखा एक काळा सुळका दिसू लागतो. हाच कर्नाळा. गड समुद्रसपाटीपासून चवदाशे फुटांहून उंच, आणि माथ्यावरचा हा कातळ त्यावर आणखी शंभर फुटांपेक्षा अधिक चढलेला. पायथ्याचे अरण्य १९६८ साली पक्ष्यांकरिता राखून ठेवण्यात आले. तेव्हापासून येथे येणारी बहुतेक मंडळी पक्षी पाहण्याच्या हौसेने येतात. आमच्या मंडळींतील मुलेही त्याच हौसेने आली होती. वडील माणसांच्या मनात मात्र निराळाच विषय घोळत होता.

सुळक्याच्या पोटात खोदलेली पाण्याची टाकी पाहत बसले असता या गडाने किती हातांतील शस्त्रे पाहिली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कोकणातील बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर याची नजर. १५४० साली अहमदनगरच्या निजामशाहाने तो घेतला, तेव्हा गुजरातच्या बाजूने वसईच्या पोर्तुगीजांस साहाय्यार्थ बोलाविण्यात आले आणि फिरंगी शिपाई ही चढण चढून आले. १६७० साली शिवाजी महाराजांनी तो मोगलांकडून जिंकला. पुढे पेशव्यांकडे आला. आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडला.

फिरंग्यांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर आणखी एक वस्तू उतरली, ती म्हणजे सरळ, लांब पोलादी पाते. जर्मनीतील सोलिंगेनसारख्या गावी घडलेल्या पात्यांस आपले कारागीर येथील घाटाची मूठ बसवीत, आणि त्या तलवारीस नावही ‘फिरंग’ असेच पडले. पोलाद तिकडचे, मूठ इकडची, आणि हातही इकडचाच! तिकडचा हात कसा चालत असे, हे जाणण्याची गरज आपणांस कधी वाटली नाही.

ते जाणण्याचा योग या सहलीत आला. आमचा भाचा शिक्षणानिमित्त जर्मनीत राहिला होता. तेथे तो दोन्ही हातांनी धरावयाच्या लांब तलवारीची जुनी विद्या शिकला. चौदाव्या शतकात योहान्नेस लिख्टेनावर नावाचा एक गुरू होऊन गेला. त्याने आपले शास्त्र मुद्दाम गूढ अशा पद्यांत गुंफले. पुढच्या शिष्यांनी त्यांवर टीका लिहिल्या; हान्स टालहोफरने १४६७ च्या पोथीत डावपेचांची चित्रे काढविली; योआखिम मायरने १५७० साली मोठा ग्रंथच छापला. परंतु काळ पालटला, ती तलवार मागे पडली आणि शिकविणाऱ्यांची परंपरा तुटली. पोथ्या तेवढ्या ग्रंथालयांत राहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही हौशी लोकांनी त्या उघडल्या, आणि बोथट तलवारी घेऊन एकेक वाक्य अंगाने करून पाहू लागले.

गड उतरल्यावर, अरण्याची हद्द सोडून एका मोकळ्या शेतात, भाच्याने दोन काठ्या मिळविल्या. समोर उभे राहिले आमचे वडील चुलतबंधू तात्या. बालपणी गावच्या तालमीत त्यांनी फरीगदगा आणि पट्टा यांचे हात केलेले.

भाच्याने चार पवित्रे दाखविले. मूठ कपाळापाशी व टोक शिंगासारखे शत्रूच्या तोंडावर, तो ‘बैल’. मूठ कमरेशी व टोक वर उचललेले, तो ‘नांगर’. काठी मस्तकावर अथवा खांद्याशी उगारलेली, तिसरा. आणि टोक जमिनीकडे सोडून अंग उघडे टाकलेले, तो ‘मूर्ख’.

“मूर्ख कसला?” तात्या हसून म्हणाले. “ही तर हूल! मला आत बोलावतो आहेस तू.”

“अगदी बरोबर, तात्यामामा,” भाचा म्हणाला.

मग काठीस काठी भिडली. भाच्याने ती मागे घेतली नाही. दोन पाती एकमेकांस टेकली असता समोरच्याचा जोर दृढ आहे की शिथिल, हे मनगटास कळले पाहिजे. दृढ असेल तर वळसा द्यावा, शिथिल असेल तर सरळ आत शिरावे, हे त्या विद्येचे मर्म त्याने सांगितले.

“पट्ट्याला हे लागू नाही,” तात्या म्हणाले. पट्ट्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबणीत जातो. मनगट वळत नाही. म्हणून सारा वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, पाय सतत फिरते राहतात, आणि खेळणाऱ्याभोवती पात्याचे कडे उभे राहते. सत्तरी ओलांडलेल्या तात्यांनी दोन फेरे घेतले, तेव्हा मुले पक्षी विसरून पाहत राहिली.

“हा हात कोठे लिहिलेला आहे का?” भाच्याने विचारले.

“लिहायचा कशाला? वस्ताद समोर उभे असत ना!”

“आणि वस्ताद गेल्यावर?”

तात्यांनी उत्तर दिले नाही. त्यांनी भाच्याचा खांदा धरला आणि पाऊल कसे टाकावयाचे ते दाखवू लागले.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. कर्नाळ्याजवळच शिरढोण हे गाव आहे. १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे झाला. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी करीत असता वासुदेव बळवंतांनी दांडपट्ट्याचे शिक्षण घेतले, ते मातंग समाजातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत. लेखणी फडक्यांच्या घरची; विद्या लहुजींच्या हातची. १८७८ च्या कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध आले, आणि १८७९ साली वासुदेव बळवंतांचे बंड मोडले. एडनच्या तुरुंगवासात १८८३ साली ते निवर्तले. ज्यांच्या हाती विद्या होती त्यांच्यापैकी बहुतेकांस लिहिण्याची संधी नव्हती; आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती, त्यांनी बखरी व हिशेब लिहिले, परंतु तालमीतील पाऊल फारसे कोणी टिपून ठेवले नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, हा त्यातला मोठा अपवाद.

जर्मनांपाशी पोथी आहे, पण ती समजावून देणारा गुरू नाही. पाऊल नेमके कसे पडत असे, यावर ते आजही वाद घालीत बसतात. आपले दैव त्या मानाने थोर. कोल्हापुरास मर्दानी खेळाचे आखाडे आजही चालू आहेत, आणि पुष्कळ घरांत एखादे तात्या अद्याप आहेत. येत्या सुटीत मुलांनी त्यांच्यासमोर वही घेऊन बसावे, पावलांच्या आकृती काढाव्यात, आणि ज्या वस्तादांपाशी ते शिकले त्यांचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मात्र वही भरण्याआधी एकवार काठी हातात घ्यावी. म्हणजे काय लिहावयाचे ते आपोआप कळेल.