लिटरला सतरा

सात माणसांची हायब्रिड गाडी घरात आली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? माझ्याकडे टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आहे, बॅटरी-मोटरवाली. माझं उत्तर ‘सोळा ते अठरा, सतरा धरा’ असं असतं आणि ते ऐकून समोरचा हमखास हिरमुसतो, कारण माहितीपत्रकातला २३.२४ हा आकडा त्यानेही वाचलेला असतो. हायक्रॉसचे आणि तिच्याच जुळ्या बहिणीचे, म्हणजे मारुतीच्या इन्व्हिक्टोचे, इतर मालकही बहुतेक याच पट्ट्यातले आकडे सांगतात. शहरात हलक्या पायाने चालवणारा एखादा वीसपर्यंत पोचतो, सतत हायवेवर पळवणारा चौदा-पंधरावर उतरतो. बोलण्याचा सूर मात्र सगळ्यांचा सारखाच, की सांगितलं होतं त्यापेक्षा सहा कमी पडतात. मला ही तक्रार चुकीच्या जागी केलेली वाटते. तेवीस आणि सतरा यांच्यातल्या फरकावर आपण भांडत बसतो, आणि दहा व सतरा यांच्यातला फरक, जो खिशाला खरोखर जाणवतो, त्याचा हिशोबच करत नाही. शिवाय तो फरक कुठल्या रस्त्यावर पडतो आणि कुठल्या रस्त्यावर जवळजवळ पडतच नाही, हे गाडी घेण्याआधी फारसं कुणी विचारत नाही.

आधी साधा हिशोब करू. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते फसवतं हे ध्यानात येत नाही. आकडा वाढत जातो तसा त्यातल्या प्रत्येक वाढीव किलोमीटरचा कस कमी होत जातो. शंभर किलोमीटर जायचं आहे असं धरा. दहा देणाऱ्या गाडीला दहा लिटर पेट्रोल लागतं, सतरा देणाऱ्या गाडीला ५.९ लिटर. वाचले ४.१ लिटर. आता तीच गाडी माहितीपत्रकाप्रमाणे २३.२४ देऊ लागली तर ४.३ लिटर लागतील, म्हणजे आणखी वाचणार फक्त १.६ लिटर. कानाला दोन्ही वाढी सारख्याच वाटतात, एक सात किलोमीटरची, दुसरी सव्वासहाची. पण पहिलीने दुसरीच्या अडीचपट पेट्रोल वाचवलं. स्कूटर पन्नासच्या जागी पंचेचाळीस देऊ लागली की आपण लगेच मेकॅनिक गाठतो, तेव्हा शंभर किलोमीटरमागचा फरक पाव लिटरसुद्धा नसतो. युरोपात ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतात. ते माप इथे रूढ असतं तर हायब्रिडवाल्यांची निम्मी कुरकुर जन्मालाच आली नसती.

तरीही कुणी म्हणेल, फरक लहान असो वा मोठा, छापलेला आकडा रस्त्यावर मिळत नसेल तर तो छापावाच कशाला? हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर चाचणीत आहे. आपल्याकडचा प्रमाणित आकडा रस्त्यावर निघत नाही, तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात. चाचणी जवळपास वीस मिनिटांची, सुमारे अकरा किलोमीटरची. सरासरी वेग ताशी तीस-बत्तीस, कमाल वेग ९०. एसी बंद. शहरी भागाच्या फेऱ्यांत गाडी बराच वेळ नुसती उभी असते, आणि उभ्या हायब्रिडचं इंजिन बंद असतं. म्हणजे परीक्षाच अशी की हायब्रिडचे सगळे गुण त्यात दिसावेत आणि दोष झाकले जावेत. हेच तंत्रज्ञान दुसऱ्या परीक्षेला बसवलं की काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. तिकडची टोयोटाचीच सिएन्ना २०२१ पासून फक्त हायब्रिड मिळते. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी कुटुंबांनाही ती ओळखीची आहे. तिचं इंजिन अडीच लिटरचं, अंगही हायक्रॉसपेक्षा मोठं. तिथला सरकारी आकडा काढताना जास्त वेग, एसी आणि थंडी यांचाही विचार होतो, आणि तो आकडा येतो गॅलनला ३६ मैल, म्हणजे आपल्या मापात लिटरला १५.३ किलोमीटर. तिकडे मालकांना आपण फसलो असं सहसा वाटत नाही, कारण गाडीवरच्या पट्टीवर छत्तीस लिहिलेले असतात आणि हाती साधारण तेवढेच पडतात. आता सिएन्नाहून लहान गाडीने आपल्याकडे सतरा दिले, तर त्यात आश्चर्य कसलं आणि तक्रार कसली? (स्वतःचा आकडा काढतानाही थोडं सावध राहावं. डॅशबोर्डवरचा आकडा सहसा किंचित उदार असतो. टाकी दरवेळी ऑटो-कटपर्यंत भरायची आणि चार-पाच भरण्यांची बेरीज करून भागाकार करायचा, हीच जुनी पद्धत भरवशाची.)

आता ही बचत येते कुठून, ते पाहू. पुण्यातला सिंहगड रोड किंवा मुंबईतला एलबीएस मार्ग संध्याकाळी सात वाजता डोळ्यांपुढे आणा. दोन लिटरचं साधं पेट्रोल इंजिन एसी लावून जागच्या जागी चालत राहिलं तर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल जाळतं, आणि त्याबदल्यात गाडी एक फूटही पुढे सरकत नाही. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असूनही मागच्या सीटवर गार हवा येत राहते. रांग सरकली की पहिले काही मीटर मोटर ओढते. ब्रेक दाबला की एरवी चकत्या तापवण्यात वाया जाणारी गती मोटरमार्गे बॅटरीत जाते. दोन टनांची गाडी ताशी पन्नासवरून थांबते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती जेमतेम एका युनिटच्या विसाव्या भागाएवढी. पण शहरात असं थांबणं तासाभरात कितीतरी वेळा होतं, आणि बचत त्या संख्येतून साचते. यात आणखी एक गोष्ट आहे जी शोरूममध्ये फारशी कुणी समजावत नाही. हायब्रिडचं इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. त्याला खालच्या वेगात जोर कमी, पण इंधनातली ऊर्जा पिळून घेण्यात ते तरबेज; टोयोटा आपल्या या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४१ टक्क्यांच्या आसपास सांगते. कमी पडलेला जोर मोटर भरून काढते. म्हणजे मोटरचं मोठं काम गाडी विजेवर पळवण्याचं नाहीच. इंजिनाला त्याच्या आवडीच्या वेगात राहू देणं आणि नावडत्या वेळी गप्प बसवणं, हे तिचं काम. बॅटरी मुळात जेमतेम एक-दीड युनिटची; इलेक्ट्रिक गाडीत चाळीस-साठ युनिटांची असते. एवढ्याशा बॅटरीवर दूर जायची अपेक्षाच चुकीची. हायब्रिडचं शहरातलं अपयश एकाच ठिकाणी दिसतं, ते म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत. भाजी आणली, मुलाला शिकवणीला सोडलं, परत आलो. थंड इंजिन आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा तापवण्यातच पेट्रोल जातं आणि आकडा बारा-तेरावर येतो. अशा कामांना स्कूटर बरी.

हायवेवर चित्र पालटतं, आणि गैरसमज सर्वांत जास्त आहेत ते इथेच. ‘लांबच्या प्रवासाला हायब्रिड घे, पेट्रोल वाचेल’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. एकसारख्या वेगात ब्रेक नाही, थांबणं नाही, त्यामुळे परत मिळवण्यासारखी ऊर्जाच नसते. उरतो तो हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ला जेवढा विरोध, त्याच्या सव्वादोनपट १२० ला. गाडी १.८५ मीटर रुंद आणि जवळजवळ १.८ मीटर उंच असली की या गुणाकाराचे चटके जास्तच बसतात. समृद्धी महामार्गावर कारसाठी १२० ची मर्यादा आहे. सरकारी चाचणीतला कमाल वेग ९०. नागपूर ते आमणे हे ७०१ किलोमीटर एकशेवीसने कापणारा माणूस चाचणीत कधी तपासलाच न गेलेल्या वेगाने जातो आणि वर तेवीसची अपेक्षा ठेवतो. नव्वदवर धरली तर हीच गाडी एकोणीसच्या आसपास खेळते, एकशेवीसला चौदा-पंधरावर येते. डिझेल इनोव्हा क्रिस्टाशी तुलनाही इथेच करून पाहावी. मुंबईकडच्या भावाने पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरू. शहरात क्रिस्टा अकरा देते, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये वीस पैसे. हायब्रिडचे सतराने सहा रुपये दहा पैसे. हायवेवर क्रिस्टा चौदावर जाते आणि खर्च येतो सहा रुपये चाळीस पैसे. हायब्रिड सोळाने साडेसहा रुपये. बरोबरी झाली. ज्याचं सगळं धावणं हायवेवर आहे त्याला हायब्रिड आवडण्याची इतर कारणं असतील, शांतता असेल, बसण्याचा आराम असेल. इंधन हे कारण त्याने मोजू नये.

घाटाबद्दल एक समजूत फार पसरली आहे, की चढताना गेलेलं उतरताना परत मिळतं. बोरघाट घ्या. खोपोली ते लोणावळा ही उंची साधारण साडेपाचशे मीटर. माणसं आणि सामान धरून बावीसशे किलोचं वजन तेवढं वर न्यायला, इंजिनातलं नुकसान धरता, सपाट रस्त्यापेक्षा लिटरभर पेट्रोल जास्त लागतं. उतरताना त्यातली मूळ ऊर्जा सव्वातीन युनिटांच्या आसपास मोकळी होते. त्यातली बरीच चाकांच्या घर्षणात आणि हवेत जाते, आणि उरलेलीही त्या लहानशा बॅटरीत मावत नाही. बॅटरी आयुष्य टिकावं म्हणून पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही, त्यामुळे निम्म्या उतारातच ती पोटभर होते. त्यानंतर इंजिन नुसतंच फिरून गाडी अडवतं. हा दोष म्हणू नये, ब्रेक वाचतात ते आहेच. पण ‘घाट फुकटात पडतो’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. लहान चढउतारांचा रस्ता, जसा कोकणात संगमेश्वर ते राजापूर, तो मात्र हिला मानवतो. तिथे बॅटरी भरते आणि लगेच पुढच्या चढाला कामी येते.

सगळ्यात जड आक्षेप किमतीचा. हायक्रॉसचं साधं पेट्रोल मॉडेल आणि हायब्रिड यांत पाच लाखांहून अधिक अंतर पडतं. सोयींमध्येही फरक आहे, पण तूर्त तो बाजूला ठेवू. साधं पेट्रोल शहरात दहा देतं असं धरलं तर महिना हजार किलोमीटरला ४१ लिटर वाचतात, म्हणजे सव्वाचार हजार रुपये, वर्षाला एक्कावन्न हजार. पाच लाख फिटायला दहा वर्षं लागली. महिना दोन हजार धावणाऱ्याचे पाच वर्षांत फिटतात. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, म्हणजे दुसऱ्या माणसाला तिची धास्ती बाळगायचं कारण नाही, पहिल्याचा मात्र हिशोबच जुळत नाही. निव्वळ पैसा पाहणाऱ्याला तर सीएनजी एर्टिगा किलोमीटरमागे याहूनही स्वस्त पडते, डिकी सिलिंडरने अडवली तरी. यावर हायब्रिडच्या बाजूने ओढूनताणून बोलण्यात अर्थ नाही.

वीस टक्के एथेनॉलच्या पेट्रोलचंही इथेच सांगून टाकतो, कारण अलीकडे सगळं खापर त्याच्यावर फुटतं. एथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून निव्वळ ऊर्जेच्या हिशोबाने वीस टक्के मिश्रणात सात टक्क्यांची घट येते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर त्यातली थोडी भरून निघते. सतराच्या आकड्यात ही घट एखाद्या किलोमीटरची झाली. तेवीस आणि सतरामधली सगळी दरी एथेनॉलने पाडली, हे काही खरं नाही.

उरला प्रश्न आकाराचा. एकटा माणूस सात सीटांची गाडी घेऊन ऑफिसला जातो तेव्हा मायलेजच्या गप्पा शोभतात का? शहरात ही गाडी शंभर किलोमीटरला सहा लिटर खाते. गर्दीत चालणाऱ्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्याही याच्या आगेमागेच असतात, म्हणून एकटा चालवणारा निदान जास्तीचं जाळत नाही. सातजण बसले की माणशी शंभर किलोमीटरला साडेआठशे मिलिलिटरच्या आसपास पडतात, आणि ते एसटीइतके कमी नसले तरी दोन लहान गाड्या काढण्याच्या पुष्कळ खाली आहेत. मात्र तिसरी रांग उभी केली की मागे तीनशे लिटरचीच जागा उरते, सातजणांच्या बॅगा तिथे मावत नाहीत, आणि मग लोक टपावर कॅरिअर बसवतात. कॅरिअर हवा अडवतो, शंभरच्या वेगात लिटरमागे एक-दोन किलोमीटर सहज खातो, आणि गणपतीला गावी जाऊन आल्यावरही तो बहुतेकांच्या टपावर दिवाळीपर्यंत तसाच राहतो.