डिसेंबरची पोरं

कोल्हापुरात फुटबॉल खेळलेल्या माणसाला ऋण मानायचं झालं तर तो आधी आपल्या पेठेचं मानतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. ज्याची जी तालीम, तिच्यासाठी तो भर उन्हात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा फोडणार. मीही फोडलाय. पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय, त्यांचं पेठेशी फारसं जमायचं नाही. शाहू मिलमध्ये कामाला होते, तरुणपणी हाफला खेळले होते आणि लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. छापून आलेलं स्वतःचं नाव त्यांना रुचलं नसतं, म्हणून इथंही अण्णाच.

पेठेशी त्यांचं बिनसायचं ते एकाच गोष्टीवरून. पेठेला यंदाचा चषक हवा असायचा. त्यासाठी बाहेरून खेळाडू आणायचे, पुढं पुढं तर नायजेरिया-घानापर्यंतचे आणायचे, आणि त्यात काही गैर आहे असं मलाही वाटत नाही; चुरस असल्याशिवाय आमच्याकडं कोण तिकीट काढणार? पण अण्णांना बारा-तेरा वर्षांची पोरं हवी असायची. त्यातही जी कुणी उचलली नाहीत ती.

मी त्यातलाच. आमच्या शाळेत संघाची निवड एका दुपारी उरकायची. उंचीप्रमाणे रांग, मग मैदानाला दोन फेऱ्या, मग प्रत्येकानं एकदा जोरात किक मारायची. ज्याचा चेंडू लांब जाईल तो संघात. मी रांगेच्या शेपटाला. जन्म डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला, तोही सीपीआर हॉस्पिटलमधला, त्यामुळं दाखला अस्सल. वर्गातल्या कितीतरी पोरांचा वाढदिवस १ जूनला यायचा. आमच्या पिढीच्या वाचकांना याचं कारण सांगायला नको: शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी बेलाशक १ जून टाकायचे. तेव्हा कागदावर माझ्या वयाची असलेली काही पोरं मिसरूड फुटलेली होती. त्यांच्या किका लांब जाणारच.

निवड झाली नाही म्हणून मी अण्णांच्याकडं खेळायला जात होतो, तेही बंद केलं. शाळेनं नाकारलं, आता पेठेत काय तोंड दाखवायचं, असा एकूण विचार. वडील उद्यमनगरात लेथवर होते. त्यांना बरंच वाटलं, पोरगं आता अभ्यास तरी करील. त्या रविवारी अण्णा घरी आले. आईला म्हणाले, "वैनी, च्या ठेवा," आणि वडिलांशी मिलमधल्या बोनसबद्दल, नदीच्या पाण्याबद्दल, कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलत बसले. माझा विषयच नाही. मी दाराआड उभा. जाताना चपला घालता घालता वडिलांना म्हणाले, "पोराला उद्या धाडून दे की. बारकं हाय, पण त्याला दिसतंय."

एवढंच. वडिलांनी पुढं कधी अडवलं नाही. मला काय दिसतंय हे मात्र मला बऱ्याच उशिरा समजलं.

अण्णांच्याकडं निवड चाचणी हा प्रकार नव्हता. येईल त्याला घ्यायचं आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बघत राहायचं. मोठं मैदान मिळालं तरी ते पोरांना त्यावर पसरू द्यायचे नाहीत. एका कोपऱ्यात चार-चार जण, दगडांचे गोल, तेही दोन पावलांचे. इतक्या लहान गोलात लांब किकचा काही उपयोग नाही आणि दांडगाईचाही फारसा नाही; चेंडू पायाशी ठेवावा लागतो, वळावं लागतं, जोडीदार शोधावा लागतो. शाळेच्या संघातली धिप्पाड पोरं तिथं आली की वैतागायची.

बघायची त्यांची पद्धतही वेगळी होती. चेंडू ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं ते क्वचितच बघायचे. चेंडू नसलेलं पोरगं काय करतंय, याच्यावर त्यांची नजर. चेंडू पायात येण्याआधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून बघणारं पोरगं सापडलं की ते खूश व्हायचे. बाकीच्यांना ओरडायचे, "मान फिरीव रं आधी! चेंडू काय पळून जात न्हाई." नॉर्वेच्या गेइर यॉर्डेट या संशोधकानं इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती तपासून दाखवलं, की चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पास जास्त बिनचूक जातात. ते वाचलं तेव्हा मी बी.पी.एड. करून, शाळेत नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली होती. अण्णांनी माझ्यात बघितलं होतं ते हेच असणार. बारक्या पोराला धक्का लागण्याआधी चेंडू सोडावा लागतो, म्हणून तो आधी बघायला शिकतो. दांडग्याला ती गरजच पडत नाही.

म्हणूनच दांडग्या पोरांचीही त्यांना काळजी. तेरा वर्षांचा असून सोळाचा दिसणारा एक गडी आमच्यात होता. आमच्यात खेळला की पाच गोल ठरलेले. अण्णांनी त्याला सरळ मोठ्या पोरांत घातला. तिथं त्याला चेंडूच मिळेना, रडकुंडीला आला. त्याच्या घरच्यांनी येऊन अण्णांशी भांडण काढलं. अण्णा ऐकून घेत राहिले, पण पोराला खाली आणला नाही. तो पुढं आमच्यात सगळ्यात पक्का बॅक झाला. आमच्या वयाचे इतर 'पाच गोलवाले' बाकीच्यांची उंची वाढल्यावर कुठं गेले, हे मला सांगता येणार नाही.

तालमीच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येकाला भिंतीला टेकून उभं करायचं, डोक्यावर पाटी धरायची, रेघ ओढायची, शेजारी महिना लिहायचा. दोन रेघांमधलं अंतर एकदम वाढलं की त्या पोराच्या उड्या बंद, लांब किका बंद, पळणंही बेतानं. "हाडं ताणल्यात त्याची. गुडघा धरंल." मुलांची उंची वाढण्याचा वेग साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. त्या वर्षात पोरगं ८ ते १० सेंटिमीटर वाढतं, पाय त्याचे त्यालाच कळत नाहीत, धडपडतं, आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं सुरू होतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. नेमक्या त्याच वर्षी आपल्याकडं निवड चाचण्यांची गर्दी असते, आणि नेमक्या त्याच वर्षी "याचा खेळ बिघडला" म्हणून पोरं काढली जातात. अण्णा अशा पोराला सहा महिने सांभाळायचे. माझ्या रेघा एकीवर एक चिकटूनच राहिल्या होत्या. दहावीची परीक्षा झाल्यावर एकदम सुटल्या.

आता थोडं हिशेबाचं. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत जन्मलेलं पोरगं डिसेंबरातल्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं. तेराव्या वर्षी हा फरक डोळ्यांत भरतो. कॅनडातल्या रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीत हे मांडलं: वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी. पुढं फुटबॉलमध्ये, देशोदेशी, तेच आढळलं. बेल्जियममध्ये तर वयोगटाची तारीख ऑगस्टवरून जानेवारीवर आणली, तेव्हा निवडल्या जाणाऱ्या पोरांचे जन्ममहिनेही तिच्यामागून सरकले. गुण काही ऑगस्टातून उठून जानेवारीत गेले नव्हते. त्यात वयात येण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा, म्हणजे एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचं अंतर सहज पडतं.

याच बेल्जियमनं २००० साली युरोपियन चषकाचं सहयजमानपद घेतलं आणि साखळीतच गाशा गुंडाळला. मग मिशेल साब्लों यांच्या देखरेखीखाली त्यांनी लहान मुलांचा खेळ मुळापासून बदलला: आधी दोन-दोन, मग पाच-पाच, मग आठ-आठ जणांचे सामने, आणि अगदी लहानांसाठी गुणतक्ताच नाही. उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी त्यांनी राष्ट्रीय पातळीवर वेगळे संघ केले. २०१८ च्या विश्वचषकात ते तिसरे आले. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगनं २०१५ पासून वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून सामने खेळवून बघितले. बेल्जियम म्हटलं की आरसे आठवणारी अण्णांची पिढी, त्यांना यातलं काही सांगितलं असतं तर "मग?" एवढंच म्हणाले असते.

आपल्याकडं काहीच झालं नाही असं नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईत सामने झाले, आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. त्या वर्षी पेठेपेठेत पोरांच्या पायात चेंडू आला. सरकारनंही १५ सप्टेंबरला राज्यभर शाळांत फुटबॉल खेळवला, चेंडू वाटले. मी ज्या शाळेत होतो तिथं ते चेंडू पावसाळा संपेपर्यंत कपाटात कुलूपबंद राहिले; खराब झाले तर भरून कोण देणार, हा प्रश्न. वय चोरण्यावर आता मनगटाच्या एक्स-रेचा उपाय आहे, फिफा तर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी २००९ पासून एमआरआय करते. मोठ्यानं लहान म्हणून खेळू नये, याचा बंदोबस्त झाला. खऱ्या वयाचं पण बारकं राहिलेलं पोरगं गळू नये, याचा बंदोबस्त कुठल्या यंत्रात नाही.

आणि चाचण्या वाढल्यात. एका सकाळी तीनशे पोरं, छातीवर नंबर, प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं, काही ठिकाणी वर प्रवेश शुल्क. आईबाप कुंपणाला लटकलेले. माझं मत स्पष्ट आहे: यात खेळाडू निवडला जात नाही, त्या सकाळचं शरीर निवडलं जातं.

मी काही मोठा खेळाडू झालो नाही. पेठेकडून काही हंगाम खेळलो, विद्यापीठाकडून खेळलो, मग गुडघ्यानं रजा दिली. अण्णांच्या हातून भारताकडून खेळलेला कुणी निघाला नाही, त्यामुळं त्यांच्या नावानं कुठं चषक नाही की फलक नाही. पण त्यांच्या पोरांपैकी खेळ सोडून घरी बसलेली फार थोडी. कुणी रेफरी झाला, कुणी गोलकीपरांना शिकवतो, माझ्यासारखे दोघं-तिघं शाळांत लागले. मिलचा भोंगा कायमचा बंद झाल्यावरही ते सकाळी मैदानावर यायचे. माझ्या पहिल्या पगारातून मी त्यांना कोट शिवायचं म्हटलं, तर मापच देईनात.

त्यांच्याच पद्धतीनं मी शिकवतो, थोडा फरक करून. अण्णांनी मुली कधी शिकवल्या नाहीत. माझ्याकडं आता मुलीही येतात, आणि त्यांची वाढ मुलांच्या दोनेक वर्षं आधी होते, तेव्हा भिंतीवरच्या रेघा अकराव्या वर्षापासूनच ओढाव्या लागतात. चौदा पूर्ण होईपर्यंत कुणाला काढत नाही. मोठ्यांच्या स्पर्धेत त्यामुळं हरतो, आणि मुख्याध्यापकांची बोलणी खातो.

शाळेत, तालमीत, अकादमीत यंदा जे कुणी पोरं निवडणार असतील, त्यांच्याकडं एक मागणं आहे. यादी करताना प्रत्येक नावापुढं जन्माचा महिना लिहा. यादी पुरी झाल्यावर महिने मोजा. पहिले तीन महिने भरून वाहत असतील आणि शेवटचे तीन ओस असतील, तर ती यादी त्या दिवशी लावू नका; डिसेंबरच्या पोरांना आणखी एक हंगाम बघा. आणि त्यातलं एखादं यायचं बंद झालं, तर त्याच्या घरी जा.