फळीवरचे आकडे

नगरच्या आमच्या देवळात व्यासपीठाच्या डाव्या हाताला भिंतीवर एक लाकडी फळी होती. (आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणायचो, माझ्या तोंडी अजूनही तोच शब्द येतो.) फळीला तीन खाचा आणि त्या खाचांत सरकवायला पत्र्याचे आकडे. उपासनेत जी गीतं म्हणायची त्यांचे क्रमांक शनिवारी संध्याकाळीच तिथे लावून ठेवायचे, म्हणजे रविवारी मंडळींना पुस्तक उघडून तयार राहता येई. हे काम माझ्याकडे होतं. पप्पा त्या मंडळीचे पाळक. ते चिठ्ठीवर तीन आकडे लिहून देत आणि मी स्टुलावर चढून ते लावत असे.

१९५९च्या डिसेंबरात कानपूरला जसू पटेलने एका डावात ६९ धावांत ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद केले आणि भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच हरवलं, तेही ११९ धावांनी. नाताळनंतरच्या शनिवारी पप्पांनी चिठ्ठी दिली. तिच्यावर होतं : ६९, ९, ११९. मी तेव्हा बारा वर्षांची. मी चिठ्ठीकडे पाहिलं, मग पप्पांकडे पाहिलं.

‘‘आकडे बरोबर आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘लाव.’’

दुसऱ्या दिवशी मंडळींनी तिन्ही गीतं भक्तिभावाने म्हटली. मागच्या बाकावरची चार पोरं मात्र गाता गाता एकमेकांना कोपराने ढोसत होती. त्यांना कळलं होतं. पुढे ती पोरं दर रविवारी आत शिरताच आधी फळीकडे पाहायची, आणि पाळकसाहेबांच्या देवळात तरुण मुलं वेळेवर येतात म्हणून आसपास वाहवा व्हायची. आधी आकडा ठरवायचा, मग त्या क्रमांकाच्या गीताला साजेसा उपदेश शोधायचा, असा उलटा व्यवहार आमच्या घरी चालायचा. एखाद्या सामन्यात भलताच आकडा निघाला की शनिवारी रात्री उशिरापर्यंत पप्पांच्या खोलीत कंदील जळत असे.

पप्पांना खेळाचं वेड होतं, एवढं म्हणून भागायचं नाही. पगार बेताचा, घरात आम्ही चार भावंडं, पण देवळाच्या आवारात रोज संध्याकाळी तीस-चाळीस मुलं जमायची. त्यात मराठ्यांची, मुसलमानांची, मारवाड्यांची, आमची, सगळीच असायची. महिन्याकाठी देवळाची एक काच फुटायची आणि पप्पा ती आपल्या खिशातून बसवायचे. मुलींना खेळायला घेत नसत. त्यात पप्पांचंही काही वेगळं मत नव्हतं, हे मी आजही त्यांना माफ केलेलं नाही. माझ्याकडे स्कोअरची वही आली. ती मात्र मी अशी चोख ठेवली की भांडण झालं तर दोन्ही बाजू माझ्याकडे धावत यायच्या.

क्रिकेटइतकंच त्यांना कुस्तीचं प्रेम. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातला फोटो कापून बायबलात ठेवला होता. तो कितीतरी वर्षं तिथेच होता. आसपासच्या गावांच्या जत्रांत कुस्त्यांचा फड लागला की पप्पा सायकल काढायचे. पाळकाने जत्रेत जावं म्हणजे काय! तक्रार झाली. ‘‘मी पैलवानांना बघायला गेलो होतो,’’ पप्पा म्हणाले, ‘‘आणि नारळ फोडला असेलच, तर तो फडात जिंकलेल्याने फोडला. मी नुसतं खोबरं खाल्लं.’’ या उत्तराने तक्रार मिटली असं नाही, वाढलीच.

पण त्यांची खरी गोष्ट एकच होती आणि घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती ऐकावी लागे. १९४३च्या डिसेंबरात पप्पा शाळामास्तर होते, चोवीस वर्षांचे. मुंबईला भायखळ्याला मामांकडे जायचं निमित्त काढून त्यांनी ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत पाहिली होती. त्या स्पर्धेत हिंदूंचा एक संघ, मुसलमानांचा एक, पारशांचा, युरोपियनांचा. आणि १९३७पासून पाचवा संघ उरलेल्यांचा. ख्रिस्ती, ज्यू वगैरे मंडळींच्या त्या संघाचं नावच मुळी ‘इतर’ असं होतं. अशा जातवार सामन्यांना गांधीजींनी १९४० सालीच विरोध केला होता आणि १९४६ साली ते बंदही झाले. पप्पांचंही मत गांधीजींसारखंच होतं. ‘‘स्पर्धा वाईट होती,’’ ते म्हणायचे. ‘‘पण खेळ चांगला होता, त्याला मी काय करू?’’

त्या सामन्यात हिंदूंनी पाच बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ १३३ मध्ये गारद होऊन पुन्हा खेळायला आले, आणि मग सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती घरातला विजय हजारे उभा राहिला. संघाच्या सगळ्या मिळून ३८७ धावा झाल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. तरी ‘इतर’ एका डावाने हरले.

इथपर्यंत आलं की पप्पा थांबायचे. ‘‘३०९ सगळ्यांना पाठ आहे. आता मला सांगा, २१ कोणाचे?’’

कोणाला सांगता यायचं नाही. मग पप्पाच सांगायचे. हजाऱ्यांचा धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला होता. दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली, आणि त्यांत विवेकच्या धावा २१. ‘‘तासन्‌तास उभा होता. चेंडू अडवायचा, भावाला खेळायला द्यायचं, पुन्हा अडवायचा. लोक टाळ्या कोणाला वाजवत होते? त्याला नव्हे. तो गेला असता तर ३०९ कुठले?’’ आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘‘आमचं लग्न डिसेंबरात व्हायचं ते जानेवारीत झालं, ते या दोघा भावांमुळे.’’

माझा थोरला भाऊ, दादा, हा पप्पांच्या सगळ्या वेडाचा वारस. उंच, शांत, डावखुरा. तो खेळायला उतरला की मला वही लिहिताना वर मान करायला सवड मिळत नसे. १९६३ साली, तो एकोणिसावं संपवत होता तेव्हा, जिल्ह्याचा संघ निवडण्यासाठी एक सामना ठेवला गेला. रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळेला.

आजच्या वाचकांना यात अडचण ती काय असं वाटेल. आमच्यात तेव्हा रविवारी बाजार नाही, शिवण नाही, पत्ते तर नाहीच. शिवाय शब्बाथशाळेत पप्पांनीच आम्हाला एरिक लिडेलची गोष्ट सांगितलेली. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून तो ती धावला नाही. चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे मिशनरी होऊन चीनला गेला आणि १९४५ साली जपान्यांच्या छावणीत वारला.

दादाने विचारलं, ‘‘पप्पा, मी काय करू?’’

पप्पा बराच वेळ अंगणात येरझारा घालत राहिले. मग म्हणाले, ‘‘लिडेलला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्याने ठरवलं. तूही ठरव. जे ठरवशील त्याला माझी ना नाही.’’

दादा खेळायला गेला. त्याने ८१ धावा केल्या आणि त्याची निवड झाली. त्या रविवारी फळीवरचे आकडे नेहमीचेच होते, पण उपदेश चालू असताना पप्पांचं लक्ष दोनदा खिडकीबाहेर गेलेलं मी पाहिलं.

आठवड्याच्या आत पंच घरी आले. पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पत्रातला दाखला निघाला. ज्याला स्वतःचं घर राखता येत नाही त्याने मंडळी राखू नये, अशा अर्थाचा. जत्रेतल्या कुस्त्या निघाल्या, फुटक्या काचा निघाल्या. मंडळीने दिलेलं राहतं घर, मुलांच्या फिया, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. पंच आपल्या परीने प्रामाणिक माणसं होती. त्यांच्यापैकी एकाने तर मला न्यूमोनिया झाला तेव्हा दोन रात्री जागून काढल्या होत्या.

पुढच्या रविवारी पप्पा व्यासपीठावरून म्हणाले, ‘‘माझ्या मुलाच्या हातून चूक झाली. माझं घर मला सांभाळता आलं नाही, म्हणून मी मंडळीची क्षमा मागतो.’’

दादा तिसऱ्या बाकावर बसला होता. उपासना संपेपर्यंत तो हलला नाही.

रात्री मी अंथरुणात जागी होते. आईचा आवाज आला. ती क्रिकेटबद्दल कधी बोलत नसे, म्हणून मी कान दिला. ‘‘तुम्ही त्याला ये म्हणून बोलावलंत,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तो अर्ध्यावर आल्यावर परत पाठवलंत. याला तुमच्या खेळात काय म्हणतात?’’

पप्पा किती वेळ बोलले नाहीत मला सांगता येत नाही. मग म्हणाले, ‘‘धावचीत.’’

दादाने संघात जाणं नाकारलं. महिन्याभरात मुंबईला जाऊन त्याने रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी धरली. पत्रं आईला यायची. मुंबईला कांगा लीगचे सामने भर पावसाळ्यात होतात आणि तेही रविवारी. एका साध्या क्लबाकडून दादा ते खेळू लागला. कांगा लीगमधली ओली खेळपट्टी, चेंडू कुठे वळेल याचा नेम नाही. तिथे तीस धावा म्हणजे शतकच. पण दादा धावांसाठी खेळत नव्हता. तो रविवारी खेळत होता. पप्पांना ते माहीत होतं. वर्तमानपत्रातले कांगा लीगचे बारीक अक्षरांतले धावफलक ते भिंग घेऊन वाचायचे आणि वाचलं नाही असं दाखवायचे.

१९६४ साली पप्पांची बदली शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात झाली. बढती नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. फळी त्यांनी सुताराकडून नवी करून घेतली, पण पत्र्याचे आकडे जुनेच नेले. त्या गावी कोणाला क्रिकेट ठाऊक नव्हतं. आकडे नुसतेच आकडे झाले. तरी ते लावायचे. मी नगरला शिक्षिका झाले होते आणि सुटीला जाई तेव्हा माझं स्टूल माझी वाट पाहत असे.

मग २४ ऑगस्ट १९७१ आला. गणेश चतुर्थीचा दिवस. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतलेले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ मध्ये संपलेला, आणि अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळवला. त्या शनिवारी मी मुद्दाम गावी गेले. चिठ्ठीवर ३८ आणि १०१ असणार हे मला बसमध्येच माहीत होतं.

रविवारी उपासना सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं. दादा होता. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी मुंबईला त्याचा सामना होता, हे मला नंतर कळलं. त्याने आधी फळीकडे पाहिलं आणि शेवटच्या बाकावर बसला.

पप्पांनी हातातला उपदेशाचा कागद घडी करून ठेवला. ‘‘आठ वर्षांपूर्वी,’’ ते म्हणाले, ‘‘दुसऱ्या एका देवळात मी एक गोष्ट बोललो होतो. ती खोटी होती. चूक त्याची नव्हती. मी त्याला बोलावलं आणि घाबरून परत पाठवलं. तो माझ्यामुळे धावचीत झाला.’’ एवढंच. मग त्यांनी पुढचं गीत सांगितलं, पण आवाज लागेना, तेव्हा पेटीवर बसलेल्या आईने सूर धरला.

बाहेर आल्यावर एका म्हातारीने त्यांना गाठलं. ‘‘सलाम पाळकबाबा. पर धावलं कोन व्हतं?’’

दादा पप्पांच्या मागेच उभा होता. ‘‘मी, आजी,’’ तो म्हणाला.

त्यानंतर दोघं काही फार जवळ आले असं नाही. पत्रं येऊ लागली, त्यांत खेळाशिवाय दुसरं काही नसे. १९८३च्या जूनमध्ये विश्वचषकाच्या रात्री निवृत्त पप्पा नगरच्या घरी रेडिओला कान लावून बसले होते, आणि मुंबईहून दादाचा ट्रंककॉल शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा दोघंही एकाच वेळी बोलत होते म्हणे. एवढं झालं. लिडेलने त्या छावणीत शेवटी रविवारीही मुलांचे हॉकीचे सामने घेतले, ते आपसांत मारामारी करू नयेत म्हणून स्वतः पंच म्हणून उभा राहिला, असं त्याच्या सोबत्यांच्या आठवणींत मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. पप्पा तोवर गेले होते. १९९१ साली, झोपेत.

आई त्यांच्या आधी गेली, १९८६च्या पावसाळ्यात. अंत्यविधी नगरच्याच देवळात होता. नवे पाळक तरुण आणि भले; त्यांनी विचारलं, कोणती गीतं म्हणायची? मी सवयीने पप्पांकडे चिठ्ठीसाठी हात केला. त्यांनी मान हलवली. पत्र्याचे आकडे त्यांच्या कोटाच्या खिशात होते. सदुसष्ट वर्षांचा माणूस स्टुलावर चढला, दादाने खालून स्टूल धरलं. वरची खाच त्यांनी रिकामी ठेवली, खालचीही. मधल्या खाचेत त्यांनी दोनच आकडे सरकवले आणि ते सरळ आहेत की नाही हे बघायला जरा मागे झुकले.

दादाने वर पाहिलं, मग माझ्याकडे. फळीवर २१ होते.