चोवीस व्होल्ट वजा

खान्देशात लाइटीची तक्रार म्हणजे व्होल्टेज कमी असल्याची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेले असते. पंखा रेंगाळतो, मोटार उचलत नाही. म्हणून जळगावात पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या कारागिराकडे मी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मागितला, तेव्हा तो हसला. "भाऊ, सारं गाव वाढवून मागतं, अन् तुम्ही कमी करून मागता?"

रावेर-यावलच्या केळीबागा असोत की कापसाची रानं, शेतीपंपांची वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. गावठाणाचा फीडर वेगळा असला तरी उपकेंद्र तेच. पंप थांबले की भार उतरतो आणि डीपीजवळच्या घरात २३० च्या जागी २५५ व्होल्ट उभे राहतात. आता दुपारचीही भर पडली आहे. छतावरच्या सोलरला वीज बाहेर ढकलायची तर लाइनपेक्षा किंचित वर राहावे लागते. गल्लीत वापर नसला की सगळ्यांचेच व्होल्टेज चढते.

टीव्हीला त्याचे काही वाटत नाही. माझ्या हॅम रेडिओच्या ॲम्प्लिफायरला वाटते. त्यात ८११-ए जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत आणि ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा. २५५ दिले की ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ७.३ मिळतात, प्लेटचे १२०० व्होल्ट १३९० वर जातात. प्लेटचे एक वेळ निभावते, फिलामेंटचे नाही. त्याच्या टंगस्टनमध्ये थोरियम असते आणि इलेक्ट्रॉन देतो तो पृष्ठभागावरचा थोरियमचा पातळ थर. तार जास्त तापली की थर आतून भरून येण्याआधीच उडून जातो. पण कमी तापली तरी तो नीट भरत नाही. त्यामुळे 'थोडे कमीच बरे' हा शहाणपणा इथे चालत नाही. पाच टक्के वर-खाली, एवढीच मोकळीक.

स्टॅबिलायझर मला पटत नाही. एसएसबीवर बोलताना प्रत्येक शब्दागणिक भार हलतो आणि आतला रिले टकटक करत बसतो. डिमरस्टॅट उत्तम, पण त्याच्या मुठीवर हात ठेवून बोलत कोण बसणार?

साधा इलाज चोवीस व्होल्ट, पाच अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचा. प्रायमरी मेनला जोडायची आणि सेकंडरी ॲम्प्लिफायरच्या वाटेत, उलट्या दिशेने. किलोवॅटभर भारासाठी जेमतेम १२० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, कारण सगळी शक्ती त्यातून जात नाही, फक्त वजा होणारा हिस्सा जातो. लाइन चढली की वजाबाकीही वाढते: २५५ ला साडेसव्वीस जातात, फिलामेंटवर साडेसहा उरतात. तारा चुकीच्या जोडल्या तर मात्र २८० च्या वर मिळतील, म्हणून आधी बल्ब लावून मोजावे. फ्यूज दोन्हींच्या आधी एकच घालावा. नुसत्या प्रायमरीचा फ्यूज उडाला तर सेकंडरीतला करंट तिकडे घातक व्होल्टेज उभे करतो. आणि सेकंडरी चोवीसची असली तरी मेनलाच जोडलेली आहे, हे बॉक्स उघडताना आठवलेच पाहिजे.

या सगळ्याच्या आधी न्यूट्रल तपासायचा. दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्याने गीझर लावला आणि आपले व्होल्टेज चढले, तर दुखणे निराळे आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर नको, ताबडतोब वायरमन हवा.

पंपांची पाळी बदलली की लाइन २२५ वर येते. तेव्हा चोवीस वजा केले तर व्हॉल्व्ह उपाशी. म्हणून कारागिराला मध्ये बाराचा टॅप काढायला सांगितला आणि तीन जागांचा स्विच बसवला: सरळ, बारा, चोवीस. मीटर समोरच आहे; आधी तो बघायचा, मग स्विच, मग फिलामेंट. धुळ्याच्या मित्राची लाइन २४० च्या वर जात नाही आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर २३० चा. त्याने चोवीसची तार जोडलीच नाही.