गोंगाटातलं वायफाय

१.
वायफाय तुटलं की पहिला आळ ड्रायव्हरवर. लगेच रीइन्स्टॉल. त्या क्षणी हवेत काय चाललं होतं, ते कुणी पाहत नाही.

२.
काड्या फुल, पण पान उघडत नाही. काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, गोंगाट नाही. सिग्नल उणे ५५ डीबीएम आणि गोंगाट उणे ९५ असेल तर मधलं अंतर ४० डीबी, म्हणजे उत्तम. गोंगाट उणे ७० वर चढला की उरतात १५. काड्या तेवढ्याच.

३.
लिनक्समध्ये ‘सर्व्हे डम्प’ घेतला की गोंगाट किती आणि चॅनल किती वेळ व्यापलेला, दोन्ही कळतं. सगळे ड्रायव्हर हे आकडे देत नाहीत. अ‍ॅथेरॉस कार्डांचा ‘एथ९के’ देतो. जुनं अ‍ॅथेरॉस कार्ड मी त्यासाठीच जपून ठेवलंय.

४.
२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त. कुणीही वापरावा. दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मात्र मागता येत नाही.

५.
शेजारच्यांचा राउटर चॅनल ३ वर. बाकी इमारत १, ६ आणि ११ वर. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. ३ वाल्याचं बोलणं १ ला आणि ६ ला, दोघांनाही, नुसता गोंगाट.

६.
ट्रान्सफॉर्मरचा साधा मायक्रोवेव्ह ओव्हन विजेच्या अर्ध्या आवर्तनातच लहरी सोडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. म्हणजे साधारण १० मिलिसेकंद गोंगाट, १० मिलिसेकंद शांतता.

आता कार्डाचं बघा. पोच आली नाही की ते पॅकेट पुन्हा पाठवतं. का आली नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही. सिग्नल क्षीण असेल असं धरून वेग उतरवत नेणं, ही जुनी रीत. ५४ एमबीपीएसला १५०० बाइटचं पॅकेट पाव मिलिसेकंदाच्या आत जातं. १ एमबीपीएसला त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात. शांतता १० चीच. ते पॅकेट आता कधीच बसणार नाही.

७.
लिनक्समधला वेग ठरवणारा ‘मिन्स्ट्रेल’ अल्गोरिदम, पोच नाही म्हणजे सिग्नल क्षीण, असं गृहीत धरत नाही. अधूनमधून काही पॅकेटं वेगळ्या वेगाने पाठवून बघतो आणि जे खरोखर पोचतं त्याच्या हिशोबाने वेग ठरवतो. अंदाजाऐवजी मोजमाप. मला फार आवडतो.

८.
यूएसबी ३ ची हार्ड डिस्क, शेजारच्याच पोर्टात वायफायचा इवलासा डोंगल. कॉपी सुरू, नेट बंद. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच तसं लिहून ठेवलंय. उपाय: एक्स्टेन्शन केबल. ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही.

९.
ऑस्ट्रेलियातली पार्क्स रेडिओ दुर्बीण. १९९८ पासून अधूनमधून एक विचित्र स्पंद नोंदला जाई. २०१५ मध्ये उगम सापडला: तिथला मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच कुणीतरी त्याचं दार उघडत होतं.

१०.
ड्रायव्हरही चुकतो. फर्मवेअर कोसळलं की कर्नल लॉगमध्ये सहसा तशी ओळ उमटते. गोंगाटाची ओळ नसते, नुसता रीट्रायचा आकडा चढत जातो.

११.
वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा. मग शेजारी झोपलेले असताना, रात्री दोनला तपासा, लॅपटॉप दुसऱ्या जागी नेऊन तपासा. दोष तरीही तसाच असेल, तर ड्रायव्हरवर संशय रास्त.

१२.
बग नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच लिहू नका. कार्डाचं मॉडेल, कर्नल व फर्मवेअरची आवृत्ती, चॅनल, सिग्नल, गोंगाट, रीट्राय आणि घड्याळातली वेळ, एवढं द्या. पलीकडे ड्रायव्हर दुरुस्त करणाऱ्याला तुमच्या घरातली हवा दिसत नाही.