वारा लहान होत नाही

खडकवासल्याच्या बॅकवॉटरला सकाळचा वारा इतका मंद होता की पाण्यावर नुसती शिरशिरी उठत होती. तेवढ्या वाऱ्यातसुद्धा माझी अर्ध्या मीटरची होडी सपशेल आडवी झाली आणि मी चक्रावून गेले. साडेचार मीटरची खरी होडी बांधायची आहे. तिचं शीड नीट चालेल का, हे पाहायला मी लांबी, डोलकाठी, शीड सगळं १:९ प्रमाणात उतरवलं होतं, वजनही त्याच हिशेबाने. मग तोल कुठे गेला?

उत्तर आकडेमोडीत सापडलं. शिडाचं क्षेत्रफळ ८१ पटींनी घटतं, त्याची उंची ९ पटींनी. म्हणजे होडीला कलंडवणारा जोर ७२९ पटींनी कमी होतो. पण तिला सावरणारा जोर वजन (७२९ पटींनी कमी) आणि रुंदी (९ पटींनी कमी) या दोन्हींवर अवलंबून, तो ६,५६१ पटींनी घटतो. सगळं लहान झालं, वारा तेवढाच राहिला. विल्यम फ्रूड यांनी १८७२ मध्ये इंग्लंडात टॉर्की इथे टाकी बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढायला सुरुवात केली. त्यांचा नियम सांगतो, वेग लांबीच्या वर्गमूळाने कमी करा. म्हणजे ताशी १८ किलोमीटर वाऱ्याची परीक्षा ६ किलोमीटरच्या वाऱ्यात घ्यायची. इथेच, खडकवासल्यात, केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती याच नियमाने उभारतात.

माझं शीड प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं, खेकड्याच्या नांगीसारखं. दोन काठ्या पुढे खाली एका टोकाला जुळलेल्या, मध्ये कापड. माझी भर एवढीच की वारा वाढला की वरची काठी खाली आणून नांगी मिटता यावी. सावरीच्या लाकडाची होडी, बांबूच्या कामट्या आणि छत्रीचं कापड असा सगळा संसार. शिडावर लोकरीचे धागे चिकटवले, कारण वारा दिसतो तो धाग्यांतच.

दुसरा गोंधळ या धाग्यांनी घातला. नेहमीच्या त्रिकोणी शिडावर धागे सपाट मागे वाहिले की काम चोख. ते गरगरले की वारा शिडापासून सुटला. माझ्या शिडाच्या मागच्या बाजूला तर कडेजवळचे धागे सारखे गोल फिरत होते आणि होडी मात्र जोरात पळत होती! शिडांचे अभ्यासक सी. ए. मार्चाय यांनी हे शीड पवनबोगद्यात तपासलं आहे. बाजूच्या वाऱ्यात ते नेहमीच्या शिडापेक्षा बरंच जास्त ओढतं, असं त्यांना आढळलं. कारण तो भोवराच. काँकॉर्ड विमानाच्या त्रिकोणी पंखावर असाच भोवरा उठायचा आणि पंखाला उचलून धरायला मदत करायचा.

त्याच होडीवर आलटूनपालटून दोन्ही शिडं लावली, तर नांगी दर वेळी पुढे. मन हरखलं. पण हा निकाल मी मानत नाही. इतक्या लहान आकारात नि मंद वाऱ्यात नेहमीच्या शिडावरून वारा लवकर सुटतो. धारदार कडेवरच्या भोवऱ्याला आकाराचा तितकासा फरक पडत नाही. म्हणजे शर्यत मुळातच एकतर्फी होती.

खरं शिकवलं ते दिशेच्या तोलाने. होडीला पाण्यात बाजूने एका बोटाने ढकलत गेले; जिथे ढकललं की ती न वळता सरळ सरकते, ती जागा खडूने आखली. नांगी मिटली की शिडाचा जोर त्या खुणेच्या मागे सरकतो आणि नाळ हट्टाने वाऱ्याकडे वळते. हे खऱ्या होडीतही असंच होणार, कारण इथे प्रश्न प्रमाणाचा नाही, जागेचा आहे. म्हणून नांगी मिटताना अख्खं शीड पुढे सरकवण्याची सोय आता नकाशात घातली आहे.

तुम्हीही असं काही करणार असाल, तर प्रतिकृतीला दिशेचा तोल विचारा, वेग विचारू नका. आणि ती आडवी होऊ नये म्हणून होडीखाली लांब पट्टीच्या टोकाला शिसं लावा. शर्यतीच्या प्रतिकृती-होड्यांचं निम्म्याहून जास्त वजन तिथेच असतं.