इंजिनाची टिकटिक आणि वहिनींचा बिस्किटांचा डबा

आमच्या घरात कमावणारे तीन : दादा, धाकटा भाऊ आणि कर्जावर घेतलेली गाडी. गाडी सात आसनी, डिझेलची, टुरिस्ट परवान्याची. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ, अजिंठा, शिर्डी अशी भाडी दादा स्वतः मारतात. बँकेचा हप्ता दरमहा २१ हजार रुपये. गाडी उभी राहिली की घरची चूल अडते, हे वेगळे सांगायला नको. सव्वादोन वर्षांच्या गाडीचे इंजिन बिघडले तेव्हा आम्हांला जे कळले, ते इतर कष्टकरी कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

गोष्ट २०२४ च्या पावसाळ्यातली. गाडी ६८ हजार किलोमीटर चाललेली. सिल्लोडच्या अलीकडे इंजिनातून टिकटिक असा आवाज येऊ लागला. सकाळी थंड इंजिन सुरू करताना असा आवाज दोन-चार सेकंद येऊन थांबला तर काळजी नसते. परंतु हा थांबेना. ॲक्सिलेटर दाबला की टिकटिक वाढे. पुढे इंजिन अडखळू लागले आणि पिवळा दिवा लागला. दादांनी ऑइलची पट्टी काढून पाहिली, पातळी बरोबर होती. त्यांनी प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले आणि आपली गाडी टोचन करून आणली. त्या दिवसाचे भाडे गेले, पण इंजिन वाचले.

वस्तीजवळच्या मिस्त्रीमामांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकला. म्हणाले, "दादा, टॅपेट गेलाय." कंपनीवाले ज्याला लिफ्टर म्हणतात तोच गॅरेजमधला हायड्रोलिक टॅपेट. बोटभर वस्तू, पण काम मोठे. कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फट राहू न देणे, हे ते काम. इंजिनचे ऑइल दाबाने त्याच्या आत भरते, आतली बारीक गोळी ते परत जाऊ देत नाही, म्हणून टॅपेट ताठ राहतो. ऑइलचा दाब कमी पडला, आत कचरा अडकला किंवा टॅपेट मुळातच सदोष निघाला, तर तो दबतो. मग फट पडते आणि लोखंड लोखंडावर आपटते. व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, म्हणून इंजिन अडखळते. तशीच गाडी दामटली तर कॅमशाफ्ट झिजतो आणि धातूचा चुरा ऑइलमध्ये मिसळून इंजिनभर फिरतो.

आम्ही मामांना म्हटले, "तुम्हीच खोला ना." त्यांनी हात जोडले. "गाडी वॉरंटीत आहे. मी एक नट फिरवला तरी ते माझ्याकडे बोट दाखवतील." आवाज बंद करणाऱ्या औषधाची बाटलीही त्यांनी ओतू दिली नाही. झिजलेला भाग बाटलीने भरून येत नाही, असे ते म्हणाले. "ऑइलचा दाब गेजवर मोजायला लावा, फिल्टर कापून चुरा आहे का बघायला सांगा, आणि काय निघाले ते लिहून घ्या," एवढा सल्ला त्यांनी दिला. एक पैसा घेतला नाही.

सर्व्हिस सेंटरने तिसऱ्या दिवशी सांगितले, "ऑइल वेळेवर बदललेले नाही. वॉरंटी लागू होत नाही. ९४ हजार रुपये भरा." तेव्हा वहिनींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला. त्यात सहाच्या सहा सर्व्हिसची बिले होती, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. साहेबांनी ती चाळली आणि बोलणे बदलले. "पण गाडी टॅक्सीची आहे. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहक होत नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाक्य ऐकून पुष्कळ गरीब माणसे परत फिरतात. कायदा मात्र तसे म्हणत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ही 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. स्वतःच्या पोटासाठी टॅक्सी चालवणारा ग्राहकच आहे, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात केला. वॉरंटीची मुदत टॅक्सीला वेगळी असू शकते, म्हणून पुस्तिका आधी वाचावी. आमच्या पुस्तिकेत टॅक्सीलाही तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर दिलेले होते.

आम्ही भांडलो नाही. नकाराचे कारण लेखी मागितले. तेच पत्र रजिस्टर पोस्टाने कंपनीला पाठवले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे मराठीतही बोलता येते. दोन आठवड्यांनी कंपनीचा तपासनीस आला. इंजिन आमच्यासमोर उघडले. ऑइलचा दाब बरोबर, परंतु एक टॅपेट दबलेला आणि कॅमशाफ्टवर ओरखडा. सगळे टॅपेट आणि कॅमशाफ्ट वॉरंटीत बदलून मिळाले.

गाडी ३१ दिवस उभी होती. त्या महिन्याचा हप्ता भिशी उचलून भरला, धाकट्याने ओव्हरटाइम केला. गाडी देताना "आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागितली गेली. वहिनींनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले, "दुरुस्ती मिळाली. नुकसानभरपाईचा हक्क राखून." मगच दादांनी सही केली.

बुडालेल्या भाड्यासाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आमच्या तेरा लाखांच्या गाडीला ४०० रुपये पडले. निकाल लागायचा आहे. काय लागेल ते लागो.

ज्यांच्या घरी रिक्षा, टेम्पो वा जीप आहे, त्यांनी एवढे करावे. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच आणि वेळेवर टाकावे. टिकटिक थांबत नसेल तर गाडी थांबवावी. जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. बदललेला जुना भाग दाखवायला सांगावा. आणि बिल कितीही लहान असो, ते फेकू नये. डबा कोणताही चालेल.